पंप पाणी ओढत नाही! मग सक्शन पाईप चुकला की पंप का मरतो?

शहाळ्यात स्ट्रॉ घालून पाणी प्यायलं की आपण ते ‘ओढलं’ असं म्हणतो. प्रत्यक्षात तोंडाने फक्त स्ट्रॉमधली हवा कमी केलेली असते. पाणी वर चढवण्याचं काम शहाळ्यातल्या पाण्यावर दाब देणारी बाहेरची हवा करते. कारखान्यातला दोनशे अश्वशक्तीचा पंपही नेमकं हेच करतो. तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि पाणी त्याच्यापर्यंत पोहोचवायचं काम वातावरणावर सोपवतो.

ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की सक्शन पाईपचे जवळपास सगळे नियम आपोआप उलगडतात. पंपाच्या पुढच्या म्हणजे डिलिव्हरीच्या बाजूला मोटारीची ताकद असते. तिथे पाईप थोडा बारीक झाला, दोन वळणं जास्त झाली तर वीजबिल वाढतं, पण पाणी जातं. मागच्या बाजूला मात्र हवेच्या दाबाइतकीच पुंजी असते. ती संपली की मोटार कितीही मोठी असो, उपयोग नाही.

ही पुंजी किती?

समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात एका पंपाची हकिकत सांगितली आहे. ठरावीक उंचीच्या वर तो पंप पाणी चढवेना. पाण्याचा स्तंभ स्वतःच्याच वजनाने दोरीसारखा तुटत असावा, असा त्याचा अंदाज होता. तो चुकीचा ठरला. त्याचा शिष्य टोरिचेली याने काही वर्षांतच पारा भरलेली नळी उलटी करून दाखवलं की स्तंभ पेलणारी शक्ती बाहेरच्या हवेची आहे. पारा ७६ सेंटीमीटरवर थांबला. पाणी त्याच्या साडेतेरा पट हलकं, म्हणून ते दहा मीटरच्या थोडं वर थांबतं.

उंचावर गेलं की हवा विरळ होते आणि पुंजीही घटते. पुण्याची उंची साधारण ५६० मीटर, तिथे हा आकडा सुमारे ९.७ मीटर होतो. महाबळेश्वरला तो पावणेनऊच्या आसपास येतो. म्हणजे मुंबईत नीट चालणारा पंप तशाच पाईपसह घाटमाथ्यावर नेला तर तिथे कुरकुरू शकतो.

या पुंजीतून चार खर्च होतात. पाण्याच्या पातळीपासून पंपापर्यंतची उंची हा पहिला. पाईप, वळणं, व्हॉल्व्ह, गाळणी यांच्यातलं घर्षण हा दुसरा. तिसरा पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे पाण्याची वाफ व्हायची स्वतःची ओढ. आणि हे सगळं वजा करून जे उरतं त्यातून पंपाची स्वतःची गरज भागवावी लागते, तो चौथा. उरलेल्या रकमेला अभियंते ‘उपलब्ध एनपीएसएच’ म्हणतात आणि पंपाच्या गरजेला ‘आवश्यक एनपीएसएच’. उपलब्ध रक्कम गरजेपेक्षा जास्त हवी, एवढंच गणित.

वाफेचे बुडबुडे आणि खडीचा आवाज

पाणी उकळायला १०० अंश लागतात हे शाळेत शिकवतात, पण ते समुद्रसपाटीच्या दाबाला. दाब पुरेसा कमी केला तर पाणी ३० अंशालाही उकळतं. पंपाच्या इम्पेलरच्या तोंडाशी, पात्यांच्या मागच्या बाजूला दाब सर्वांत कमी असतो. तिथे तो बाष्पदाबाच्या खाली गेला की थंड पाण्यात वाफेचे बारीक बुडबुडे उठतात. २० अंशाला पाण्याची वाफ झाली तर तिचं आकारमान पाण्याच्या पन्नास हजार पटींहून जास्त होतं, त्यामुळे थोड्याशा वाफेनेही वाट अडते.

खरा घात पुढे होतो. हे बुडबुडे पात्यावरून थोडे पुढे सरकले की जास्त दाबाच्या भागात येतात आणि एका क्षणात मिटतात. रिकाम्या झालेल्या जागेत चहूबाजूंनी पाणी धावतं आणि धातूवर सुईच्या टोकाएवढ्या जागी जोराचा फटका बसतो. असे फटके अहोरात्र बसत राहिले की कास्ट आयर्नचंच काय, पोलादाचं पातंही वाळवी लागल्यासारखं खड्ड्याखड्ड्यांचं होतं. याला कॅव्हिटेशन म्हणतात. जवळ उभं राहिलं तर पंपातून पाण्याऐवजी खडी चालली आहे असं वाटतं. हा आवाज एकदा ऐकलेला फिटर तो विसरत नाही.

या प्रकाराने पहिला मोठा त्रास पंपांना नव्हे, जहाजांना दिला. चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ या वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या बोटीला १८९४ मध्ये अपेक्षित वेग मिळेना, कारण तिचा पंखा पाण्याऐवजी बुडबुड्यांत फिरत होता. बुडबुडा मिटताना दाब किती प्रचंड वाढू शकतो, याचं गणित लॉर्ड रेली यांनी १९१७ मध्ये मांडलं.

कारखान्यात मात्र दोष अनेकदा पंपावर ढकलला जातो. इम्पेलर खराब झाला, बदला. सील गळतंय, बदला. बेअरिंग गेलं, तेही बदला. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. रोग पाईपमध्ये आणि औषध पंपाला, अशी ही गत असते.

एक हिशेब करून पाहू

समजा पुणे परिसरातल्या एका कारखान्यात जमिनीखालच्या टाकीतून तासाला १०० घनमीटर पाणी उचलायचं आहे. पाण्याची पातळी पंपाच्या मध्यापासून ४ मीटर खाली, पाईप ८ मीटर लांब, खाली गाळणीसह फूट व्हॉल्व्ह, वर एक एल्बो. पाण्याचं तापमान ३० अंश. पंपाची गरज, कंपनीच्या आलेखाप्रमाणे, ३.५ मीटर.

पंपाच्या सक्शनचं तोंड १०० मिलिमीटरचं आहे म्हणून पाईपही १०० चाच टाकला, तर पाण्याचा वेग सेकंदाला साडेतीन मीटर होतो. घर्षणात साधारण २.९ मीटर जातात. ९.७ मधून ४ मीटर उंचीचे, ०.४ बाष्पदाबाचे आणि २.९ घर्षणाचे वजा केले की उरतात जेमतेम २.४. गरज साडेतीनची. हा पंप पहिल्या दिवसापासून खडी दळणार.

आता तोच पाईप १५० मिलिमीटरचा केला. वेग १.६ मीटरवर येतो आणि घर्षण अर्ध्या मीटरवर. उरतात ४.८ मीटर. व्यास दीडपट झाला आणि नुकसान सहाव्या हिश्श्याच्या आसपास आलं, कारण घर्षण वेगाच्या वर्गाने वाढतं. म्हणूनच सक्शनचा पाईप पंपाच्या तोंडापेक्षा एक-दोन माप मोठा घ्यावा, असं सांगतात. वेग सेकंदाला एक ते दोन मीटरच्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे. पाईपच्या खरेदीत वाचवलेले पैसे इम्पेलरच्या खरेदीत जातात.

याच मांडणीत पाणी ६० अंशाचं असतं तर? बाष्पदाब एकदम २ मीटरच्या वर जातो आणि १५० चा पाईप असूनही उरलेली रक्कम साडेतीनच्या खाली घसरते. गरम पाणी खालून वर उचलणं म्हणजे जवळजवळ हरलेली पैज. बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपांबाबत तर पाणी उकळबिंदूवरच असतं. तिथे टाकीतला दाब आणि बाष्पदाब एकमेकांना खाऊन टाकतात आणि कामाला येते ती फक्त उंची. वीज केंद्रात डीएरेटर नावाची ती अवजड टाकी कित्येक मीटर उंच मजल्यावर का चढवलेली असते, याचं हेच कारण.

एक बारकावा इथे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. कंपनी जी ‘आवश्यक’ रक्कम छापते, ती पंपाचा हेड ३ टक्क्यांनी घटला त्या क्षणाची असते. म्हणजे त्या आकड्यावर बुडबुडे सुरू झालेलेच असतात. त्यामुळे ‘बरोबर साडेतीन मिळतात, झालं’ असं म्हणून चालत नाही. निदान अर्धा-एक मीटर, आणि महत्त्वाच्या पंपाला त्याहून जास्त, राखून ठेवायला हवं.

हवेचा पाहुणा

वाफेइतकीच वैताग आणणारी दुसरी गोष्ट म्हणजे हवा. डिलिव्हरीचा जोड गळला तर खाली पाणी साचतं, कोणीतरी ओरडतं, दुरुस्ती होते. पंप पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर सक्शनचा जोड मात्र चालू पंपात थेंबही गळत नाही. तो आत हवा घेतो. बाहेरून सगळं कोरडं आणि व्यवस्थित. पाण्याबरोबर दोन-चार टक्के हवा आली तरी पंपाचा जोर उतरू लागतो. आणखी वाढली तर पंप पाणी सोडून देतो. विहिरीवरच्या मोटारीने ‘हवा धरली’ असं शेतकरी म्हणतात ते हेच. संशय आलेल्या जोडावर चालू पंपात साबणाचा फेस लावला आणि तो आत खेचला गेला, की चोर सापडला.

हवा आत येऊ न देणं हे अर्धं काम, आलेली हवा अडकू न देणं हे उरलेलं अर्धं. पाण्यात विरघळलेली हवा दाब कमी झाला की सुटी होते आणि पाईपच्या सर्वांत उंच जागी जाऊन बसते. म्हणून पंप वर आणि पाणी खाली असेल तेव्हा आडवा पाईप पंपाकडे सतत हलका चढता हवा. मध्येच एखाद्या तुळईवरून पाईप उडी मारून नेला तर त्या कमानीत हवेचा फुगा बसणारच. गेट व्हॉल्व्हसुद्धा अशा पाईपवर उभा बसवला तर त्याच्या टोपीत हवा साठते. त्याचा दांडा आडवा ठेवायचा.

रिड्यूसरचा किस्सा तर प्रसिद्ध आहे. १५० चा पाईप १०० च्या तोंडाला जोडायला मध्ये निमुळता तुकडा लागतो. तो सगळीकडून सारखा निमुळता घेतला तर वरच्या कोपऱ्यात हवेला घर मिळतं. म्हणून एका बाजूने सपाट असलेला एक्सेंट्रिक रिड्यूसर घेतात आणि पाणी खालून येत असेल तर सपाट बाजू वर ठेवतात. पाईप वरून उतरत पंपात येत असेल तर ती खाली ठेवायची पद्धत आहे. तिथे हवा उलट दिशेने वर निघून जाते आणि खाली गाळ साचत नाही. नकाशात हे नीट काढलेलं असतं. साईटवर तुकडा उलटा बसतो, वेल्डिंग होतं, रंगही लागतो आणि मग कोणाच्या लक्षात येत नाही.

टाकीतला भोवरा

हवा आणखी एका वाटेने येते. बेसिनमधलं पाणी निघून जाताना जसा भोवरा होतो, तसाच सक्शनच्या तोंडावर होतो. तोंड पाण्यात पुरेसं खोल नसेल तर त्या भोवऱ्याची शेपटी थेट पाईपात शिरते. किती खोल म्हणजे पुरेसं? अमेरिकेतल्या हायड्रॉलिक इन्स्टिट्यूटचं सूत्र वरच्या उदाहरणाला लावलं तर १०० मिलिमीटरच्या उघड्या पाईपाला सुमारे ९२ सेंटीमीटर पाणी वर हवं. १५० च्या पाईपाला साठ. पाईपाच्या टोकाला २५० मिलिमीटरचं घंटेसारखं पसरट तोंड लावलं तर ४६ सेंटीमीटर पुरतात. उन्हाळ्यात टाकीची पातळी उतरते तेव्हा ही अर्ध्या मीटरची सवलत फार मोठी असते.

टाकीत येणारं पाणी वरून धबधब्यासारखं सक्शनच्या शेजारीच पडत असेल तर तेही वाईट. ते स्वतःबरोबर हवा घुसळून आणतं. आवक आणि सक्शन दोन टोकांना ठेवावेत, जागा नसेल तर मध्ये आडभिंत घालावी.

शेवटचा एल्बो

जागा वाचवण्यासाठी पंपाच्या तोंडालाच एल्बो लावणं ही सर्रास दिसणारी चूक. वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला झुकतं, जसे एसटीतले प्रवासी घाटात झुकतात. सरळ व्हायला त्याला थोडं अंतर लागतं. तोंडाआधी पाईपच्या व्यासाच्या पाच ते दहा पट सरळ लांबी ठेवतात ती यासाठी. इम्पेलरमध्ये पाणी एका बाजूने जास्त शिरलं की दांडा एका अंगाला ढकलला जातो आणि बेअरिंग, सील लवकर जातात.

दोन्ही बाजूंनी पाणी घेणारा, म्हणजे डबल सक्शन पंप असेल तर एल्बोची दिशा आणखी नाजूक. वळण दांड्याला समांतर पातळीत असेल तर इम्पेलरच्या एका डोळ्याला पाणी जास्त मिळतं, दुसऱ्याला कमी. आग विझवणाऱ्या पंपांसाठीच्या एनएफपीए २० या अमेरिकी मानकात अशा एल्बोपासून पंपापर्यंत पाईपच्या दहा व्यासांचं अंतर ठेवण्याची अट आहे. पाणी पंपापेक्षा खालच्या पातळीला असेल तर आडवा सेंट्रिफ्युगल पंप वापरायचाच नाही, असंही ते मानक सांगतं. कारण उघड आहे. आग लागली तेव्हा पंपाचं प्रायमिंग उतरलेलं असेल तर दुसरी संधी मिळत नाही.

पाईपचं वजन पंपावर लटकवणं हाही एक अबोल गुन्हा. फ्लँज जुळत नाही म्हणून साखळी लावून खेचून बोल्ट आवळले की पंपाचं शरीरच वाकतं. चांगले फिटर बोल्ट आवळताना दांड्यावर डायल गेज लावून बघतात. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर पाईप पुन्हा बसवतात.

खाली ठेवावा की वर?

इतकं सगळं वाचून वाटेल की पंप पाण्याच्या खालीच ठेवला तर प्रश्नच मिटला. खरंच मिटतो. पाणी स्वतःच्या वजनाने पंपात उतरतं, फूट व्हॉल्व्ह नको, प्रायमिंग नको. पण नदीकाठी हा उपाय महागात पडतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरची नदीकाठची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि चहूकडे पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले. कृष्णा-पंचगंगेच्या काठी पूर चढू लागला की शेतकऱ्यांची पहिली धावपळ मोटारी वर काढण्याची असते.

सक्शनला पंप खाली हवा आणि पुराला तो वर हवा. या भांडणातली सर्वांत शहाणी तडजोड म्हणजे जॅकवेल. नदीचं पाणी विहिरीत घ्यायचं, मोटार पूररेषेच्या वर ठेवायची आणि लांब दांड्याने इम्पेलर खाली पाण्यात बुडवायचा. या व्हर्टिकल टर्बाइन पंपाला सक्शन पाईपच नसतो, त्यामुळे त्याची दुखणीही नसतात. दांडा आणि त्याच्या बेअरिंगची निगा मात्र राखावी लागते.

चालू पंपात शंका आली तर

खडीचा आवाज येत असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून पाहावा. प्रवाह कमी झाला की घर्षणही घटतं आणि सामान्यतः पंपाची गरजही. आवाज शांत झाला तर सक्शन अपुरा आहे, हे जवळपास नक्की. उलट व्हॉल्व्ह उघडल्यावर आवाज कमी होत असेल तर पंप फार कमी प्रवाहावर चालवला जातोय आणि पाणी इम्पेलरच्या तोंडाशीच गरगरतंय, असा संशय घ्यावा. सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र प्रवाह नियंत्रित करायला कधीच वापरू नये. तो पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही.

नव्या कारखान्यात आणखी एक जागा तपासण्यासारखी असते. पाईपात राहिलेला वेल्डिंगचा कचरा पंपात जाऊ नये म्हणून सुरुवातीला शंकूच्या आकाराची तात्पुरती जाळी बसवतात. ती काढायची असते. ती दोन फ्लँजच्या मध्ये दडलेली असल्यामुळे विसरली जाते आणि वर्षभराने ‘पंप म्हातारा झाला’ अशी तक्रार येते.

यातलं बरंचसं एका स्वस्त साधनाने कळतं: पंपाच्या तोंडाआधी पाईपवर लावलेला व्हॅक्यूम गेज. वरच्या उदाहरणात १५० चा पाईप आणि स्वच्छ गाळणी असताना त्याचा काटा साधारण ३४० मिलिमीटर पाऱ्यावर राहील. गाळणी तुंबत गेली की तो महिन्यामहिन्याने वर सरकेल. ४३० च्या आसपास पोहोचला की राखून ठेवलेलं सगळं संपलेलं असतं. काटा अचानक खाली आला आणि थरथरू लागला, तर कुठून तरी हवा शिरली आहे किंवा फूट व्हॉल्व्ह उघडा पडला आहे. पंप सुरू केल्याच्या पहिल्या दिवशीचा आकडा गेजशेजारी रंगाने लिहून ठेवला, तर रात्रपाळीच्या ऑपरेटरला नुसत्या टॉर्चच्या उजेडात दोन्ही आकडे ताडून पाहता येतात.